पाय नसलेली कॅसेट

ऊस रस्त्यावर आला की मला लाथा आठवतात. माणसाला ऊस बघून रस आठवावा, गुऱ्हाळ आठवावं, काहिलीत रटरटणारा गूळ आठवावा. मला लाथ आठवते. नोव्हेंबर सरत आला, बिद्रीच्या साखर कारखान्याच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर लागले, पहाटेच्या हवेत तो गोडसर, किंचित करपट वास उतरला, की माझा उजवा गुडघा आपोआप छातीकडे निघतो. छातीपर्यंत पोचत नाही. वाटेत पोट लागतं.

यंदा ऊस आला आणि त्याच आठवड्यात आमच्या ग्रुपवर ती कॅसेट आली.

ग्रुपचं नाव ‘हाना दुल सेत’. कोरियन भाषेत एक, दोन, तीन. आम्हाला कोरियन येतं ते दहापर्यंत, त्यामुळे ग्रुपचं नाव याहून फार पुढं जाणं शक्य नव्हतं. शिवाजी पेठेतल्या पोवार सरांच्या तायक्वांदो क्लासची आम्ही पहिली बॅच. तेव्हा अकरा होतो, आता ग्रुपवर नऊ आहोत. एक जण कायमचा गेला, एक जण रागावून गेला आणि तिसऱ्यांदा समजूत काढायचा सगळ्यांना कंटाळा आला. बाकीच्यांच्या ढेऱ्या सुटल्यात, केस पांढरे झालेत, पण सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलाखाली कुणीतरी आवर्जून लिहितो, ‘चारयत!’ म्हणजे सावधान. मग नऊ पन्नाशीची माणसं आपापल्या अंथरुणात सावधान पडून राहतात.

सर गेल्या उन्हाळ्यात गेले.

क्लास आता त्यांची मुलगी अश्विनी चालवते. कपाट आवरताना तिला एक व्हिडिओ कॅसेट सापडली. वर सरांच्या वळणदार कारकुनी अक्षरात लिहिलेलं: ‘जुना पाचवा – पूर्ण.’ तिनं ती कुठूनतरी मोबाइलवर उतरवून घेतली आणि ग्रुपवर टाकली. खाली एकच ओळ. ‘काका लोक, बाबांचा हा पुमसे कुणाला पूर्ण येतो?’

त्या दिवशी ग्रुपवर कुणीही सावधान म्हटलं नाही.

पुमसे म्हणजे ठरावीक हालचालींची साखळी. समोर कुणी नसताना चार दिशांच्या शत्रूंशी लढायचं. पेठेत याची किती टिंगल व्हायची! आमच्या क्लाससमोरच तालीम. अंगाला माती लावून बाहेर आलेले पैलवान कट्ट्यावर बसून आमचा तमाशा बघायचे. ‘पावणं, कुणाला मारताय? तिथं कुणी न्हाई!’ एकदा एकानं सरांना विचारलं, ‘का वो सर, हात मोडल्यात व्हय, लाथा मारायला?’ सर शांतपणे म्हणाले, ‘खांदा मोडलाय. म्हणूनच लागलो इकडं.’ आणि ते खरंच होतं. सर मूळचे कोडोलीचे. घरच्यांनी म्हशीचं दूध आणि बदाम देऊन पैलवान व्हायला पेठेत धाडलेलं पोरगं. कुस्तीत खांदा गेला, कान फुटले, आणि पैलवानकी सुटली ती सुटलीच. शाळेत कारकून म्हणून लागले. पुढं बंगळूरला भावाकडे गेले असताना एका कोरियन मास्तरांचं शिबिर बघायला थांबले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच रांगेत उभे राहिले. मास्तरांना मराठी येत नव्हतं, सरांना मराठीशिवाय काही येत नव्हतं. मास्तर पाय धरून योग्य जागी ठेवायचे. तेवढी भाषा पुरली. सर लागोपाठ चार उन्हाळे जात राहिले.

त्या मास्तरांनीच त्यांना जुना पाचवा, म्हणजे जुन्या पद्धतीतला पाचवा पुमसे, दिला. सर त्याचा इतिहास आम्हाला पेठेच्या भाषेत सांगायचे. ‘कोरियात पूर्वी येगयेगळ्या तालमी होत्या. प्रत्येकाचा वस्ताद येगळा, डाव येगळा. मग सगळ्यांनी बसून ठरवलं, एक व्हायचं. एक नाव, एक नियम, सगळ्यांना नवे पुमसे. जुनं ज्याच्या त्याच्या अंगात ऱ्हायलं.’ मग क्षणभर थांबून विचारायचे, ‘समजा उद्या आपल्या पेठेतल्या सगळ्या तालमी एक झाल्या, तर...’ पुढचं वाक्य आम्ही कधी ऐकलंच नाही. आम्ही खाली बसून हसत असायचो.

काय तो हिवाळा! पहाटे शाळेच्या पटांगणातली खडी तळपायाला बर्फासारखी लागायची. आमचे ड्रेस मांजरपाटाचे, शिंप्यानं लेंग्याच्या मापानं शिवलेले, आयांनी नीळ घालून धुतलेले. त्यामुळे अकरा निळसर भुतं धुक्यात लाथा झाडतायत असं दिसायचं. तोंडातून वाफ निघायची. सर मोजायचे आणि त्या आकड्यांच्या मागं, लांब कुठंतरी, उसाच्या ट्रॅक्टरवर गाणं वाजत जायचं. क्लास सुटला की दूधकट्ट्यावर जायचं, समोर म्हैस पिळलेली, पेल्यात फेस. मिशी नव्हती तरी मिशीवर फेस यावा म्हणून आम्ही पेला वर धरून प्यायचो.

जुन्या पाचव्यात चोवीस हालचाली. त्या हिवाळ्यात सरांनी आम्हाला सतरा शिकवल्या. एकेक हालचाल आठवडा-आठवडा. ‘घाई न्हाई. पाय आधी ठरू द्या, मग हात.’ उरलेल्या सात एका रविवारी दुपारी चार वाजता शिकवायच्या ठरल्या आणि त्याच दिवशी पुमसेचं शूटिंगही पुरं करायचं ठरलं. कॅसेट बंगळूरला मास्तरांकडे जाणार होती. कोल्हापुरात अकरा पोरं तुमचा पुमसे करतात, हे सरांना त्यांना दाखवायचं होतं.

शूटिंगला तानाजी. तानाजी लग्नाची शूटिंगं करायचा आणि पेठेत त्याचं नाव होतं. एक रविवार आधी त्यानं आमच्या सतरा हालचालींचं शूटिंग केलं. डोळ्याला कॅमेरा लावून तो आमच्यापुढं नाचला, वाकला, एकदा झाडावरही चढला. तेव्हा आम्हाला कुणाला माहीत नव्हतं की तानाजीनं छातीच्या खाली काहीच घेतलं नाही. लग्नात माणसं तोंडं बघतात. नवरदेवाचे पाय कोण बघतो? त्या सवयीनं गड्यानं लाथांच्या खेळाची अख्खी कॅसेट पायांशिवाय काढली. वर जोडताना दोन ठिकाणी बदामाची चौकटही घातली. आजही बघायला मिळेल: लाल बदामात सुन्याचं घामेजलेलं तोंड, डोळे वटारलेले, आणि पाकळ्या पडतायत.

सुन्या, म्हणजे सुनील, आमच्यातला सगळ्यात चांगला. आता त्याचा रंगाचा व्यापार आहे. तेव्हा त्याची लाथ सरांच्या टोपीला स्पर्श न करता तिच्यावरून जायची.

आता त्या रविवारचं सांगतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

त्याच दुपारी फुटबॉलची फायनल होती. आमच्या पेठेचा संघ. कोल्हापूरच्या बाहेरच्या माणसाला हे समजावणं अवघड आहे. इथं हिवाळ्यात घराघरांवर झेंडे असतात, दोन पेठांमधली लग्नं मॅचच्या तारखा बघून ठरतात. दुपारी तीनला आम्ही अकरा जण ड्रेस काखेत मारून शाळेकडं निघालो होतो. मैदानाचा वळसा आला, आतून ताशा ऐकू आला आणि मी थांबलो. मी म्हटलं, ‘चला.’

सुन्या म्हणाला, ‘सर वाट बघतील की रं.’

मी जे म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण त्यावर सगळे हसले होते आणि मला हसवायला फार आवडतं. मी म्हणालो, ‘सर काय, उद्या बी असतील. फायनल उद्या हाय व्हय?’

गेलो. ओरडलो. जिंकलो. गुलाल उधळत निघालेली मिरवणूक शाळेवरून जाणार होती. आम्ही अकरा जण मागच्या गल्लीनं घरी गेलो.

सोमवारी पहाटे रांगेत उभे राहिलो तेव्हा कानामागं गुलाल तसाच होता. वाटलं, आता लाथ बसणार, तीही खरी. सरांनी विचारलं, ‘कोण जिंकलं?’ आम्ही सांगितलं. ‘बरं झालं,’ म्हणाले. मग खिशातून एक कागद काढला. संघटनेचं वरून पत्र आलं होतं, परीक्षेला यापुढं नवे पुमसेच धरले जाणार. सरांनी त्या दिवशी नवा पहिला सुरू केला. सुन्यानं धीर करून विचारलं, ‘सर, जुना पाचवा?’

‘तो झाला की काल,’ सर म्हणाले.

आम्हाला बरं वाटलं, हे कबूल करायला हवं. परीक्षेत नाही तर कशाला घाम गाळा! पोरं होतो.

तर कॅसेट. ग्रुपवर आल्यावर सुन्यानं ती इंटरनेटवरच्या एका मोठ्या गटात टाकली. तिथं जगभरची आमच्यासारखीच खुळी माणसं जमतात. कोरियन युद्धकला शिकलेली, आता गुडघे धरून बसलेली. कुणी आपल्या गुरूचा जुना फोटो टाकतं, कुणी धुरकट शूटिंग, आणि मग कुठली शैली कुठल्या घराण्याची यावर वाद. आमच्या कॅसेटवर तर मोहोळ उठलं. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: पाय कुठायत? सुन्यानं मोबाइलवर भाषांतर करून तानाजीची कथा कळवली, तर त्यावर शे-दोनशे हसरे चेहरे आले. मग शहाणे लोक सरसावले. खांदा इतका खाली गेला म्हणजे मागच्या पायावर वजन असणार. नाही, पुढच्या. कोरियातल्या एका वृद्ध गृहस्थांनी लिहिलं की हा पुमसे त्यांच्या लहानपणी त्यांच्याकडे होता, शेवट मात्र वेगळा होता. चार देशांतली माणसं कोल्हापूरच्या पोवार सरांच्या न दिसणाऱ्या पायांवरून आठवडाभर भांडत होती. मी मिटक्या मारत वाचत होतो.

कॅसेटच्या दुसऱ्या भागात सर एकटेच आहेत. मोकळं पटांगण. तानाजी कॅमेरा घेऊन आला, पोरं नाहीत, तर सरांनी त्याला परत पाठवलं नाही. स्वतःच उभे राहिले. एरवी गप्प राहून करायचा पुमसे, पण सर प्रत्येक आकडा मोठ्यानं म्हणतात, वर्गाला शिकवताना म्हणायचे तसा, सावकाश. सतरा होतात. मग शेवटच्या सात, पुन्हा एकपासून मोजून. आणि त्या सातांत सर तीनदा मान उजवीकडं वळवून बघतात, क्षणभर थांबतात, पुन्हा पुढं.

या मान वळवण्यावर त्या गटात सगळ्यात जास्त लिहिलं गेलं. असं दुसऱ्या कुठल्याच शूटिंगमध्ये नाही. कुणी म्हणालं, ही लुप्त झालेल्या शाखेची खूण. कुणी म्हणालं, हालचालीआधी शत्रूचा अंदाज घ्यायची जुनी पद्धत. वृद्ध गृहस्थांनी लिहिलं, ‘मी हे पाहिलेलं नाही, पण फार सुंदर आहे.’

मी शूटिंग तोवर आवाज बंद करूनच बघितलं होतं. त्या दिवशी आवाज लावला. सर म्हणतात ‘हाना’, आणि मागं, लांबून, हजारो माणसांची आरोळी उठते. तो आमचा गोल. ती आरोळी मी ओळखली, तिच्यात मी आहे. आरोळी उठते आणि सर मान वळवून उजवीकडं बघतात. शाळेचं फाटक उजवीकडं होतं.

मी मोबाइल उलटा ठेवला. हसवण्याचा धंदा करणारा माणूस मी, लग्नांत माइक हातात घेतला की दोन-दोन तास सोडत नाही. त्या दिवशी बायकोनं विचारलं, ‘काय झालं?’ तर म्हटलं, ‘चार्जिंग संपलं.’

दोन दिवसांनी अश्विनीला भेटायला क्लासवर गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पटांगणात पंचवीस-तीस मुलंमुली उभी होती. आता ड्रेस पांढरेशुभ्र, तयार मिळतात. अश्विनी मोजत होती. सतरा हालचाली झाल्या, सुन्यानं तिला शिकवलेल्या. आणि मग सगळ्या पोरांनी एकदम माना उजवीकडं वळवल्या.

फाटकात मी उभा होतो.

‘या काका,’ अश्विनी म्हणाली. ‘बघितलं का? बाकीचं अंदाजानं न्हाई शिकवायचं म्हणलं. पण मान तर स्पष्ट दिसत्या. तेवढं तरी बाबांचं बसवू.’

पोरांना पाणी प्यायला सोडलं. पायरीवर बसून मी तिला सगळं सांगितलं. फायनल, मैदानाचा वळसा, माझं ते वाक्य. मध्ये सवयीनं एक विनोद करायला गेलो, तो तसाच लोंबकळत राहिला. तिनं मोबाइल काढून तो तुकडा पुन्हा लावला. ‘हाना.’ आरोळी. मान. पुन्हा लावला.

‘म्हणजे ते तुम्हाला बघत होते.’

‘व्हय.’

तिनं मोबाइल पायरीवर ठेवला. मग म्हणाली, ‘एका दिवसाचं मला काही वाटत न्हाई काका. मी पण बुडवलाय क्लास. पण तुम्ही त्यानंतर किती वर्षं घरी येत होता. दिवाळीला येत होता, चहा पीत होता, बाबांना हसवत होता. एकदा तरी म्हणायचं की, सर, ते उरलेलं शिकवा म्हणून.’

मी पायरीवरची खडी वेचू लागलो.

तिची आई तिथंच, पोरांच्या पिशव्यांपाशी खुर्ची टाकून बसली होती. सरांच्या मागं घरात एकटीला करमत नाही म्हणून येते. ती म्हणाली, ‘ते काय, रोज करायचे की ते परसात, अंघोळीआधी. शेवटपर्यंत करत होते.’

अश्विनी ताडकन वळली. ‘तू बघितलंस?’

‘मी पाठमोरी असायचो बाई. भाकरी थापत असायचो.’ आणि मग हात मांडीवर ठेवून, स्वतःलाच सांगितल्यासारखं, ‘वळून बघायचं काय कारण होतं?’

ऊस अजून तुटतोय. रोज पहाटे तो वास येतो आणि मी खिडकीत उभा राहतो. पूर्वी या वासात नुसती मजा होती: वाफ, फेस, निळी भुतं. आता त्यात एक माणूस मोकळ्या पटांगणात उभं राहून, कुणी चुकू नये अशा बेतानं, सावकाश आकडे म्हणतो. रागानं निघून गेला असता तर मला सोपं गेलं असतं. त्यानं शिकवलं. वेळ ठरली होती, शिकवायचं ठरलं होतं, त्यानं शिकवलं. घ्यायला आम्ही नव्हतो. कॅसेटवर त्यानं ‘पूर्ण’ लिहिलं, त्यात खोटं काही नाही.

डिसेंबरच्या शेवटच्या रविवारी बेल्टची परीक्षा होती. सरांशिवाय पहिली. परीक्षेआधी जुन्या बॅचनं जुना पाचवा करायचा असं अश्विनीनं ठरवलं होतं. आदल्या आठवड्यात सुन्यानं तिला सुचवलं, ‘अगं, त्या कोरियातल्या आजोबांनी त्यांचा शेवट पाठवलाय. चांगला हाय. तोच जोडूया. कोण ओळखतंय इथं?’

‘कुणी ओळखत न्हाई म्हणून काय बी घालायचं व्हय? तो त्यांचा हाय. बाबांचा न्हाई.’

‘मग सतराव्यावर थांबायचं?’

‘मी बघतो काय करायचं ते,’ ती म्हणाली. पोरांना तिनं मान वळवणं बंद करायला सांगितलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं.

नऊपैकी आम्ही सात जण उभे राहिलो. पालक सतरंज्यांवर बसलेले. ड्रेसच्या नाड्या बांधताना आमची जी गत झाली ती सांगण्यासारखी आहे, पण आज नको. अश्विनी समोर उभी राहिली आणि मोजू लागली. आश्चर्य म्हणजे पायांना येत होतं. डोकं मागं पडलं, पाय पुढं गेले. सुन्याची लाथ कमरेपर्यंतच गेली पण सरळ गेली. सतरावी झाली. मुठी छातीशी आल्या, आम्ही थांबलो, टाळीसाठी कुणीतरी हात वर केले.

अश्विनी म्हणाली, ‘हाना.’

कुणीच हललं नाही. काय करायचं ते कुणाला माहीत नव्हतं.

‘दुल.’ सरांच्याच लयीत, तितक्याच सावकाश. ‘सेत. नेत.’ सुन्याच्या मुठी छातीशीच होत्या. माझ्याही. दासत, यासत. इतका वेळ गप्प उभा मी आयुष्यात कधी राहिलो नव्हतो. ‘इलगोप.’ सात.

आम्ही वाकून नमस्कार केला. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण संपलं की अडलं हे कुणाला कळेना. पुढच्या सतरंजीवरच्या एका बाईंनी अश्विनीला हळूच विचारलं, ‘विसरले व्हय हो ते पुढचं?’

‘न्हाई,’ अश्विनी म्हणाली. ‘शिकलेच न्हाईत.’

मग तिनं हातातली यादी उघडली आणि व्हाइट बेल्टच्या पोरांना पुढं बोलावलं.